आठ नंबरचे पाच फाउल

नागपुरात सदरमधल्या रामाजीच्या टपरीवर दर जुलैत कॉलेजची बास्केटबॉल टीम निवडली जायची. खरी निवड पडोळे सर करायचे, ग्राउंडवर, शिट्टी गळ्यात अडकवून, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण त्याआधी आठ-दहा दिवस टपरीच्या दोन बाकांवर जी निवड चालायची तिचा थाट काही औरच. या कमिटीतल्या एकाही माणसाने उभ्या जन्मात रिंगमधून चेंडू टाकला नव्हता. देवरावचं सायकलचं दुकान होतं आणि दुकानाच्या तीन पायऱ्या चढताना त्याला धाप लागायची, तरी कोणत्या पोराच्या अंगात किती दम आहे ते तो डोळे मिटून सांगायचा. उकंडराव पोस्टमन. टपाल वाटताना आपल्याला साऱ्या कॉलेजांच्या आतल्या बातम्या कळतात असं तो म्हणायचा, आणि त्यातल्या निम्म्या वाटेतच तयार करायचा. रामाजी स्वतः चहा गाळता गाळता डिफेन्स लावायचा, आणि डिफेन्स रंगात आला की दूध उतू जायचं.

ईश्वरदास या सगळ्यांत कमी बोलणारा, आणि मान त्यालाच जास्त. तो सरकारी कचेरीत कारकून होता. गेली अकरा वर्षं कॉलेजच्या प्रत्येक मॅचला तो टेबलावर बसून स्कोअर लिहायचा. कोणी किती बास्केट केले, कोणाचे किती फाउल झाले, सगळं त्याच्या कागदावर. त्याच्या घरी बापापर्यंत माग चालत होता, आणि लहानपणी त्याने ताण्याचे धागे मोजले होते. त्याच्या कागदात कधी खाडाखोड सापडली नाही. देवराव तर परक्या टीमच्या लोकांनाही बजावायचा, "कोष्ट्याची मोजनी हाय बाप्पा. देव चुकन, ईश्वरदास नाही चुकनार." अशा वेळी ईश्वरदास नको-नको म्हणत हसायचा. ते ऐकायला त्याला फार आवडायचं.

यंदा मात्र, चौऱ्याहत्तरच्या जुलैत, त्याला टपरीवर जावंसं वाटत नव्हतं. कचेरी सुटली की पाय आपोआप तिकडे वळायचे आणि बाकावर बसल्या बसल्या तो उठायचं निमित्त शोधायचा. कारण चर्चा फिरून फिरून एकाच पोरावर येऊन थांबायची. आठ नंबर. कामठीचा रविंद्र.

"आठ नंबर नको म्हनजे नको," देवराव त्या दिवशी म्हणाला. "श्रावन कॅप्टन, ते पक्कं. अमरावतीवरून नवा पोट्टा आला तो सेंटरले उभा करा. पन त्या रविंद्राले बाहेर ठेवा."

"उडते मस्त पन," रामाजी म्हणाला. "रिंगखालचा एक बॉल सोडत नाही तो."

"काय करता उडून? फायनलमध्ये पाच फाउल करून बसला ना बाहेर! आठ मिनिटं बाकी होते. जितलेली मॅच हारलो आपन, तीन पॉइंटनं, त्या पोट्ट्याच्या पायी."

"डोकं गरम हाय त्याचं," उकंडराव म्हणाला.

"त्या वस्तीतल्या पोट्ट्यांचं डोकं असंच राहते गा," देवराव आवाज जरा खाली आणून म्हणाला. "जरा कुठी काही झालं का भडकलेच."

त्या वस्तीतले म्हणजे कोणते, हे कोणी विचारलं नाही. रविंद्रच्या बापाने छप्पन साली नागपुरात धम्मदीक्षा घेतली होती, आणि बाकावरच्या सगळ्यांना ते माहीत होतं. ईश्वरदासने कपातला चहा बशीत ओतला, मग बशीतला परत कपात. देवराव काही वाईट माणूस नव्हता. कोणाची सायकल अडली तर रात्री-बेरात्री दुकान उघडायचा. पण त्याच्या मनात जे आधीपासून होतं त्याला आता लेखी आधार मिळाला होता, आणि तो आधार ईश्वरदासच्या हस्ताक्षरात होता.

"बिचाऱ्याचं वाईट होनार पन," उकंडराव म्हणाला. "टीममध्ये राहिला तर फी माफ. नाही तर म्हनते, शेवटचं वर्ष सोडून पॉवरलूमवर लागनार. पडोळे सर शनिवारी लिस्ट लावून राहिले."

उकंडरावची ही बातमी नेमकी खरी होती.

"ईश्वरदासभाऊ, तुम्ही सांगा," देवराव त्याच्याकडे वळला. "तुम्ही कागद लिहिला. पाच होते का नव्हते?"

"कागदावर पाच आहेत," ईश्वरदास म्हणाला.

"घ्या!" देवरावने मांडीवर थाप मारली.

कागदावर पाच आहेत. वाक्यात खोटं काही नव्हतं. ईश्वरदासने कप ठेवला आणि घरी काम आहे असं सांगून उठला.

काय झालं होतं ते त्याच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. त्या वर्षी प्रिन्सिपॉलसाहेबांना मातृभाषेचा उमाळा आला होता, म्हणून त्यांनी टीमच्या बनियनींवर मराठी आकडे घालून घेतले होते. आकडे रंगवणारा पेंटर दुकानांच्या पाट्या करणारा. त्याने हात सैल सोडून असे काही वळणदार आकडे काढले की पाहत राहावं. मराठी चार हा तसाही इंग्रजी आठासारखा दिसतो, वरचं तोंड तेवढं उघडं असतं. पेंटरने ते तोंडही जवळजवळ मिटवून टाकलं. चार नंबर श्रावणचा. श्रावण म्हणजे ईश्वरदासच्या विधवा बहिणीचा, गोदूबाईचा, मुलगा. लहानपणापासून मामाच्याच घरी वाढलेला.

गेल्या डिसेंबरातल्या फायनलला दोन रेफरी होते. एक नागपूरचाच, आणि दुसरा कामठीच्या छावणीतला, मद्रासकडचा एक हवालदार. नियम त्याला तोंडपाठ होते, मराठी आकडे अजिबात येत नव्हते. श्रावणने पहिल्याच डावात समोरच्या पोराला कोपर मारलं. हवालदाराने शिट्टी वाजवली, श्रावणच्या पाठीकडे पाहिलं आणि टेबलाकडे वळून एका हाताची पाच व दुसऱ्याची तीन बोटं दाखवली. आठ. ईश्वरदास त्या क्षणी मागचा बास्केट लिहीत होता. कोणी कोणाला मारलं ते त्याने पाहिलंच नाही. बोटं पाहिली आणि आठ नंबरपुढे फुली मारली. ही पहिली फुली खरोखरची चूक होती. पुढे कित्येक दिवस तो त्या एकाच फुलीचा आधार घेत राहिला.

दुसऱ्या वेळी त्याने पाहिलं. श्रावणनेच समोरच्याचा हात ओढला होता, आणि हवालदाराने पुन्हा आठच दाखवले. ईश्वरदासच्या लगेच लक्षात आलं की हा माणूस चाराला आठ वाचतो आहे. पेन्सिल हातात थबकली. खेळ चालू होता, लोक ओरडत होते. हाफटाइमला सांगू, असं म्हणून त्याने फुली मारली. हाफटाइमला चहा आला, पाहुणे टेबलापाशी आले, कागद पाहून म्हणाले, "अक्षर सुंदर आहे हो तुमचं." त्या कौतुकात दहा मिनिटं गेली. आता एवढ्या सुंदर कागदावर खाडाखोड कशी करायची, असंही त्याच्या मनात येऊन गेलं. ते आठवलं की आजही त्याचे कान गरम व्हायचे.

आणि तिसऱ्या वेळी तर त्याला सगळंच माहीत होतं. आठ मिनिटं उरली होती. नागपूरच्या रेफरीने श्रावणचे दोन फाउल बरोबर दिले होते, हवालदाराने आठ नंबरवर टाकलेले दोन, आणि आता श्रावणने मागून ढकललं तो पाचवा. पाच झाले की खेळाडू बाहेर. म्हणजे बाहेर जायचं होतं श्रावणने. रविंद्रचे स्वतःचे फक्त दोन होते. हवालदाराची आठ बोटं हवेत होती. पहिल्या रांगेत युनिव्हर्सिटीची टीम निवडणारे तिघे बसले होते, आणि गोदूबाईने सकाळी देवापुढे दिवा लावून सांगितलं होतं की आज पोराचं नशीब उघडणार आहे. हात वर करायचा, खेळ थांबवायचा आणि सांगायचं, एवढंच काम होतं. ईश्वरदासने आठ नंबरपुढे पाचवी फुली मारली आणि टेबलावरची घंटा वाजवली.

रविंद्र भांडला नाही. टॉवेल खांद्यावर घेताना त्याने एकदा टेबलाकडे पाहिलं. ईश्वरदास तेव्हा पेन्सिलीचं टोक तपासत होता.

श्रावणची युनिव्हर्सिटीच्या टीममध्ये निवड झाली. गोदूबाईने पेढे वाटले. ईश्वरदासने दोन खाल्ले.

गुरुवारी रात्रीच्या जेवणाला त्याने श्रावणला सहज विचारल्यासारखं विचारलं, "फायनलमध्ये तुझे फाउल किती झाले होते रे?"

"दोन," श्रावण भात कालवत म्हणाला. "तुम्हीच तं लिहिले ना मामा."

"मी लिहिले ते सोड. तुले काय आठवते?"

"खेळताना कोन मोजते, मामा? मोजाले तुम्ही बसले राहता ना." आणि पोरगं हसलं. त्याच्या हसण्यात कपट नव्हतं. श्रावणला स्वतःचे बास्केट वर्षभर आठवायचे आणि फाउल तो शिट्टी थांबायच्या आत विसरून जायचा. गोदूबाईने भावाच्या पानात आणखी एक पोळी वाढली आणि म्हणाली, "काहून विचारून राहिला दादा? काही लफडं झालं काय?"

"नाही वं. असंच."

आपण वर्षानुवर्षं ज्या अचूकपणावर छाती फुगवून फिरलो, तो आपण विकला नाही, कोणी मागितलाही नव्हता. आपणच उचलून देऊन टाकला, आणि किंमत कामठीच्या पोराने भरली. हे त्याला त्या ताटावर बसल्या बसल्या स्वच्छ दिसलं. आणखी एक गोष्ट दिसली, ती त्याहून वाईट होती. चार नंबरवर भलतंच कोणी असतं आणि आठ नंबरवर श्रावण असता, तर आपण पहिल्याच फुलीला उभं राहून टेबल आपटलं असतं. आणि आठ नंबरवर कामठीचा रविंद्र नसता, आपल्या आळीतलं कोणी असतं, तर? या प्रश्नाचं उत्तर त्याने शोधलं नाही, कारण ते त्याला माहीत होतं. उद्या टपरीवर सगळ्यांसमोर सांगायचं, असं त्याने ठरवलं.

शुक्रवारी तो कचेरीतून जरा लवकरच निघाला. बाकावर देवराव, उकंडराव आणि आणखी चार-पाच जण होते. जोर लावून चर्चा चालली होती. अमरावतीच्या पोराची उंची सहा फूट का सहा फूट दोन इंच, यावर उकंडरावने आईची शपथ घेतली होती. तेवढ्यात पडोळे सर आले, आणि त्यांच्या मागे रविंद्र. हातात धुऊन, घडी करून आणलेली आठ नंबरची बनियन. जमा करायला आणली होती, हे दिसत होतं.

"काय म्हणते कमिटी?" सर बसत म्हणाले. त्यांना टपरीवरच्या निवडीची गंमत वाटायची, आणि गंमत म्हणता म्हणता ते तिचं ऐकायचेही.

"कमिटी म्हनते आठ नंबर खाली करा," देवराव म्हणाला. पोरगं समोर उभं आहे याचीही त्याने फिकीर केली नाही. "गरम डोक्याचं काम नाही सर हे. पाच फाउलचा मानूस टीम बुडवते."

रविंद्रने बनियन एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

ईश्वरदास उभा राहिला. बोलायला उभं राहायची टपरीवर रीत नव्हती, त्यामुळे सगळ्यांनी माना वर करून त्याच्याकडे पाहिलं.

"सर, ते पाच फाउल याचे नव्हते," तो म्हणाला. "याचे दोनच होते. बाकीचे तीन श्रावणचे."

"म्हणजे?"

ईश्वरदासने बाकावर सांडलेल्या चहात बोट बुडवलं आणि लाकडावर एक मराठी चार काढला, शेजारी इंग्रजी आठ. "तो मिलिटरीचा रेफरी चाराले आठ वाचून राहिला होता. बोटं आठ दाखवायचा. पहिल्या वेळी मी पाहिलं नाही. दुसऱ्या वेळी पाहिलं. तिसऱ्या वेळी मले पुरतं मालूम होतं की श्रावणचा पाचवा आहे, तोच बाहेर जाते. मी तरी याच्या नावावर लिहिला. जाणूनबुजून लिहिला, सर."

ईश्वरदासला वाटलं, आता देवराव शिवी देईल. द्यावी, असं त्याला मनापासून वाटत होतं. त्यासाठीच तो उभा राहिला होता.

देवराव हळूहळू उठला, त्याच्याजवळ आला आणि त्याने दोन्ही हातांनी ईश्वरदासचे खांदे धरले. त्याचे डोळे भरले होते.

"पाहा बे, मानूस पाहा," तो बाकावरच्यांना म्हणाला. "दुसऱ्याच्या पोराची फी वाचावी म्हनून सख्ख्या भाच्यावर आळ घेऊन राहिला. स्वतःच्या नावाले बट्टा लावून राहिला!"

"अरे नाही गा, खरंच—"

"अकरा वर्षांत या मानसानं एक खाडाखोड केली नाही, आन म्हने जानूनबुजून खोटं लिहिलं! आमाले काय खुळे समजले काय, ईश्वरदासभाऊ?"

"आकडे मस्त जुळवले पन," उकंडराव कौतुकाने बाकावरच्या ओल्या चार-आठाकडे पाहत म्हणाला. "मले नसतं सुचलं."

"सर, तुम्ही तरी ऐका," ईश्वरदास म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. "श्रावणले बोलवा. त्या हवालदाराले बोलवा. शपथ घेऊन सांगतो, मी खरं बोलून राहिलो."

पण तो जसजसा शपथा घेऊ लागला तसतसा बाकावर त्याचा मोठेपणा वाढत गेला. हा माणूस किती टोकाला जायला तयार आहे, असं प्रत्येकाच्या तोंडावर लिहिलेलं होतं. पडोळे सर चष्मा काढून पुसत होते. ते सज्जन गृहस्थ होते, आणि अशा प्रसंगांनी लवकर हलायचे.

"पुरे, ईश्वरदासजी," ते म्हणाले. "कागद कागदाच्या जागी राहू द्या. पाच म्हणजे पाच, त्यात आता मी बदल करू शकत नाही. पण तुमच्यासारख्या माणसाने एवढी रदबदली केल्यावर मी नाही म्हणणार नाही. तुमच्या शब्दाखातर या पोराला घेतो मी टीममध्ये. रविंद्र, ती बनियन ठेव तुझ्याजवळच. आणि यंदा डोकं थंड ठेवायचं, समजलं?"

"हाव सर," रविंद्र म्हणाला.

म्हणजे फी वाचली, वर्ष वाचलं, आणि पाच फाउल मात्र त्याच्याच नावावर राहिले. वरून ईश्वरदासची कृपा तेवढी चढली. ईश्वरदासने तोंड उघडलं, पण आता जे बोलावं ते उलटंच पडणार होतं. फार ताणलं आणि सरांचं मन फिरलं तर पोरगं यादीतून जायचं. आणि खरं सांगायचं तर, खांद्यावरचे देवरावचे हात त्याला जड वाटत होते तसे थोडे बरेही वाटत होते. हे त्याला कळलं आणि त्याला स्वतःची किळस आली.

"उभा काय राहिला?" सर रविंद्रला म्हणाले. "पाया पड यांच्या."

रविंद्र क्षणभर थांबला. त्याने बनियन काखेत धरली आणि वाकला. ईश्वरदासने पाय मागे घेतले, पण मागे बाक होता. पोराची बोटं त्याच्या चपलांना लागली. वाकल्या वाकल्याच रविंद्र बोलला, एकट्या ईश्वरदासलाच ऐकू जाईल इतक्या हळू.

"माहे दोनच होते, काकाजी. मी त्याच दिवशी मोजले होते. मले वाटलं, तुमच्या हातून चुकून झालं असन. बोललो तं चारचौघांत तुमची इज्जत जाईल, म्हनून गप्प राहिलो."

तो तसाच वाकून राहिला. पाया पडणाऱ्याच्या डोक्यावर मोठ्या माणसाने हात ठेवायचा असतो, तोवर त्याने उठायचं नसतं. सगळे ईश्वरदासच्या हाताकडे पाहत होते.

"ठेवा ना भाऊ हात," देवराव म्हणाला. "तुमचा हक्क आहे."

ईश्वरदासने रविंद्रच्या डोक्यावर हात ठेवला.

"यशस्वी हो," तो म्हणाला, आणि बाकावरच्यांनी टाळ्या वाजवल्या.